रेस तोंडावर आलीय, सायकलचे टायर बदलायचे की राहू द्यायचे?

ट्रायथलॉन दोन आठवड्यांवर आली की मेहनतीचा मोठा भाग संपलेला असतो. पोहण्याचा सराव झालेला असतो, लांब पल्ल्याच्या राइड्स झालेल्या असतात, आता सराव कमी करून शरीराला आराम द्यायचा असतो. हात मोकळे झाले की माणूस सायकल पुसायला घेतो. साखळी साफ होते, ब्रेक तपासले जातात आणि मग नजर टायरवर थांबते. कुठे बारीक चिरा दिसतात, मागचा टायर मधोमध जरा सपाट झाल्यासारखा वाटतो. मग प्रश्न पडतो, नवीन जोडी टाकावी का?

इथे दोन सल्ले एकमेकांना धडकतात. पहिला सल्ला ट्रायथलॉन करणारा प्रत्येक जण पहिल्या महिन्यातच ऐकतो, तो म्हणजे रेसच्या दिवशी नवीन काहीही वापरायचं नाही. बूट नवे नकोत, एनर्जी जेल नवं नको, पोहण्याचा चष्मासुद्धा नवा नको. दुसरा सल्ला सायकल मेकॅनिकचा असतो. त्याचं म्हणणं असं की नव्या टायरला पंक्चर कमी होतं, त्यामुळे एवढ्या मोठ्या रेसला जुन्या टायरवर कशाला जाता?

दोघांचंही बरोबर आहे, पण अर्धं अर्धं. बूट जितके वापराल तितके पायाला सरावतात. टायर वापराल तितका झिजतो, त्यामुळे बुटाचा नियम त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. नव्या टायरचा खरा धोका टायरमध्ये नसून तो बसवण्यात असतो. बसवताना झालेली चूक लगेच दिसत नाही, एक-दोन राइडनंतर दिसते. म्हणून थोडक्यात उत्तर असं: टायर बदलायचेच असतील तर रेसच्या दोन-तीन आठवडे आधी बदला, त्यावर शंभरेक किलोमीटर चालवा आणि मग त्यांना हात लावू नका. शेवटच्या दोन दिवसांत फक्त एकाच कारणासाठी बदला, ते म्हणजे सध्याचा टायर खरोखर धोकादायक झाला असेल तर.

आता हे सविस्तर बघू.

एवढं काय अडलंय टायरवाचून?

गोव्यात पणजीला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ होऊ लागली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या हौशी खेळाडूंना हा प्रकार घराजवळ मिळाला. त्याआधी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या मिलिंद सोमणने झुरिकची पूर्ण आयर्नमॅन पार केली होती आणि हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला होता. ७०.३ म्हणजे मैलांमधलं एकूण अंतर. त्यात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं येतं. वेळेची मर्यादा साधारण साडेआठ तासांची असते आणि पोहणं, सायकल यांना स्वतंत्र मर्यादा असतात. ती चुकली की स्पर्धक बाद होतो.

एकूण वेळेतला सगळ्यात मोठा तुकडा सायकलचा असतो. हौशी स्पर्धकाला ९० किलोमीटरला तीन ते चार तास लागतात. या काळात पंक्चर झालं तर ते स्वतःच काढावं लागतं. भाऊ, मित्र, क्लबचा कोच रस्त्याच्या कडेला उभा असला तरी त्याने हात लावायचा नाही. बाहेरच्या माणसाची मदत घेणं ट्रायथलॉनच्या नियमात बसत नाही. आयोजकांचा मेकॅनिक एखाद्या ठिकाणी असतो, पण तो तुमच्यापर्यंत कधी पोहोचेल हे सांगता येत नाही. सराव असलेला माणूस पाच-सहा मिनिटांत ट्यूब बदलतो. ज्याने आयुष्यात दोनदाच बदललीय, त्याला घामेजल्या हातांनी पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. वेळेच्या काठावर असलेल्या स्पर्धकासाठी ही वीस मिनिटं म्हणजे गळ्यात मेडल पडणार की नाही याचा निकाल असतो.

आधी बघा, टायर खरंच संपलाय का?

मोटरसायकल, कार वापरणाऱ्यांच्या डोक्यात एक हिशोब पक्का असतो, नक्षी गेली की टायर गेला. रोड बाइकच्या टायरला तो लागू होत नाही. कारच्या रुंद टायरखाली पाणी अडकून गाडी तरंगू शकते, म्हणून तिथे खाचा लागतात. सायकलचा टायर जेमतेम २५-२८ मिलिमीटर रुंद असतो, त्यात हवेचा दाब जास्त असतो आणि तो पाणी कापत जातो. त्यामुळे बरेच चांगले टायर कारखान्यातूनच जवळपास गुळगुळीत येतात. गुळगुळीतपणा बघून घाबरायचं कारण नाही.

बघायचं ते वेगळं. टायरमध्ये साधारण तीन थर असतात. आत धाग्यांचं कापड, त्यावर पंक्चर रोखणारा पट्टा आणि सगळ्यात वर रबर. वरचं रबर झिजून खालचा पट्टा किंवा धागे दिसू लागले तर टायर संपला, त्यात वाद नाही. काही कंपन्या रबरात दोन बारीक खड्डे ठेवतात. ते बुजले की बदलायची वेळ झाली. टायरच्या बाजूला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. असा टायर कधीही फुटू शकतो. बाजूच्या भिंतीवर आडवा काप असेल तरी तेच. वर दिसणाऱ्या बारीक चिरांपैकी एखादीत नख घातलं आणि ती आतपर्यंत उघडी पडली, तर तिच्यातून उद्या काचेचा तुकडा आत जाणार हे नक्की.

मागचा टायर पुढच्याच्या साधारण दुप्पट वेगाने झिजतो, कारण वजन मागे जास्त असतं आणि पेडलचा जोरही मागच्याच चाकातून रस्त्यावर उतरतो. चांगला टायर तीन ते पाच हजार किलोमीटर जातो, पण हा आकडा आपल्या रस्त्यांवर फार विश्वासाने धरू नये.

पावसाळ्याचा मुद्दा खास आपल्याकडचा. गोव्याची रेस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत आलीय, म्हणजे तिच्या तयारीचे महिने ऐन पावसात येतात. अशा वेळी बरेच जण सायकल घरातल्या होम ट्रेनरवर लावतात. ज्या ट्रेनरमध्ये मागचं चाक रोलरवर घासतं, त्यावर टायर तापतो, मधोमध सपाट होतो आणि रबर चकचकीत, कडक होतं. रस्त्यावर फारसा न गेलेला हा टायर दिसायला नवा वाटतो, पण वळणावर त्याची पकड कमी झालेली असते. पावसाळाभर रोलर ट्रेनर वापरला असेल तर मागचा टायर बदलण्याच्या यादीत आधी धरावा.

यातलं काहीही नसेल, टायरवर हजार-दीड हजार किलोमीटरच झाले असतील आणि गेल्या दोन महिन्यांत पंक्चर नसेल, तर नवीन टायर घेण्याचे पैसे वाचले असं समजायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. टायर काढून त्याच्या आतल्या बाजूवरून कापसाचा बोळा फिरवावा. हायवेच्या कडेने सायकल चालवणाऱ्यांना हा शत्रू माहीत असतो. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे रस्त्याकडेला पडून राहतात. तो तुकडा टायरमध्ये घुसतो, बाहेरून दिसत नाही आणि ट्यूबला सुईच्या टोकाएवढं भोक पाडतो. ट्यूब बदलली तरी तार तिथेच असते, मग पुन्हा पंक्चर. गावाकडच्या रस्त्यांवर हेच काम बाभळीचा काटा करतो. कापूस जिथे अडकेल तिथे तार किंवा काटा आहे. बोटाने शोधायला गेलात तर सापडेल, पण बोटही फाटेल.

मग नव्या टायरमध्ये भीती कसली?

पहिलं नाव येतं दबलेल्या ट्यूबचं. टायरची कड, जिला सायकलवाले बीड म्हणतात, रिमच्या आत बसते आणि हवेच्या दाबाने तिथे घट्ट राहते. बसवताना ट्यूबचा एखादा पदर या कडेखाली राहिला तर हवा भरताना काहीच कळत नाही. टायर टणक होतो, गोल दिसतो. मग दाबाने ती कड हळूहळू वर उचलली जाते आणि ट्यूब बाहेर डोकावून फुटते. हे पाच मिनिटांत होऊ शकतं, पाच तासांनी होऊ शकतं किंवा वीस किलोमीटरवरच्या पहिल्या खड्ड्यात होऊ शकतं. आदल्या रात्री टायर बदलू नये असं जाणकार सांगतात त्याचं मुख्य कारण हेच. फुटायचा तो घरी, निवांतपणे फुटू द्यावा.

दुसरी भीती घट्टपणाची. नवीन टायर, त्यातही ट्यूबलेस-रेडी प्रकारचे, काही रिमवर इतके घट्ट बसतात की दुकानातला अनुभवी माणूसही घामाघूम होतो. वापरून टायर थोडा सैल होतो, पण पहिल्या दिवशी तो सगळ्यात हट्टी असतो. दुकानात बसवून घेतलेला टायर रस्त्यात तुम्हाला स्वतःला काढता येईल का, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

आयर्नमॅनच्या इतिहासात या प्रश्नाचं एक ठसठशीत उदाहरण आहे. जर्मनीचा नॉर्मन स्टाडलर २००४ मध्ये हवाईतली आयर्नमॅन जागतिक स्पर्धा जिंकला होता. २००५ मध्ये तो विजेतेपद राखायला उतरला आणि सायकलवर त्याला पंक्चर झालं. त्याच्या चाकाला ट्युब्युलर प्रकारचा टायर होता, म्हणजे रिमला गोंदाने चिकटवलेला. गोंद इतका पक्का बसला होता की टायर सुटेचना. वैतागलेल्या स्टाडलरने सायकल रस्त्याकडेला भिरकावली आणि त्याची रेस तिथेच संपली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, तो पुन्हा जिंकला, म्हणजे पायात ताकद होतीच. अडलं ते टायर काढण्यावर.

तिसरी गोष्ट मापाची. टायरच्या बाजूवर ७०० बाय २५ सी किंवा २५-६२२ असं लिहिलेलं असतं. ६२२ हा टायरच्या कडेचा मिलिमीटरमधला व्यास आणि २५ ही रुंदी. सध्या कल रुंद टायरकडे आहे, त्यामुळे दुकानदार २५ ऐवजी २८ सुचवतो. सल्ला वाईट नाही, खराब रस्त्यावर २८ चा टायर जास्त आरामदायी आणि अनेकदा वेगवानही असतो. पण जुन्या फ्रेममध्ये, विशेषतः रिम ब्रेकच्या सायकलींमध्ये, तो मावेलच असं नाही. नवीन टायर हवा भरल्यावर एक-दोन दिवसांत किंचित फुगतो, म्हणजे दुकानात जेमतेम मावलेला टायर घरी येऊन फ्रेमला घासू शकतो. टायर आणि फ्रेममध्ये निदान ४ मिलिमीटर मोकळी जागा असावी. रेसच्या आठवड्यात माप बदलणं हा जुगार आहे.

नवीन टायर निसरडा असतो, हेही बऱ्याचदा ऐकायला मिळतं. साच्यातून निघालेल्या रबराचा पृष्ठभाग सुरुवातीला चकचकीत असतो हे खरं. कोरड्या रस्त्यावर काही किलोमीटर चालवलं की तो खरखरीत होतो. तोवर वळणं जरा बेताने घ्यावीत, एवढंच. टायरच्या भीतींमध्ये ही सगळ्यात किरकोळ.

वेगात किती फरक पडतो?

मोह इथेच होतो. सरावाचे टायर जाड आणि दणकट असतात, रेसचे हलके आणि लवचिक. रस्त्यावर फिरताना टायर दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो, त्यात थोडी ऊर्जा वाया जाते. लवचिक टायरमध्ये ती कमी जाते.

एक साधा हिशोब करता येतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, वेग ताशी ३० किलोमीटर, सपाट रस्ता. टायरच्या या विरोधाचा गुणांक दणकट टायरला ०.००६ आणि रेसच्या टायरला ०.००४ धरला, तर दोन्ही टायर मिळून जवळपास १३ वॉटची बचत होते. अशा स्वाराला एकूण दीडशे वॉटच्या आसपास ताकद लागते. त्यातले १३ वाचले तर ९० किलोमीटरमध्ये पाच-सहा मिनिटं कमी होतात. हजारो रुपयांचं एअरो हेल्मेट घेऊनही एवढा फायदा सहज मिळत नाही. त्यामुळे रेसला वेगळे टायर वापरण्याची कल्पना वेडगळ अजिबात नाही.

पण हाच हिशोब उलटाही वाचावा. पाच-सहा मिनिटं कमवायची आणि एका पंक्चरमध्ये पंधरा घालवायची, हा व्यवहार तोट्याचा. रेसचा टायर पातळ असतो. ज्याला ट्यूब बदलण्याचा सराव नाही आणि ज्याचं लक्ष्य वेळेत रेस पूर्ण करणं आहे, त्याने मधल्या दर्जाचा, चांगला पंक्चर पट्टा असलेला टायर निवडलेला बरा. वयोगटात पहिल्या तिनात येण्यासाठी झगडणाऱ्याचं गणित वेगळं.

लेटेक्स ट्यूबबद्दलही असंच. ती नेहमीच्या काळ्या ब्युटिल ट्यूबपेक्षा वेगवान असते, पण तिच्यातून हवा झिरपते. एका रात्रीत दाब जाणवेल इतका उतरतो. रेसच्या पहाटे हवा भरायला विसरलात तर मऊ टायरवर ९० किलोमीटर काढावे लागतील.

दिवसांचा हिशोब

तीन आठवडे आधी टायर घेतले तर सगळं सोपं असतं. स्वतः बसवा. रिमच्या आत डोकावून बघा, आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी सरकलेली नाही ना. टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेला हवा. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, म्हणजे ती गोल राहते आणि चेपत नाही. टायर चढवायला व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा हट्टी भाग शक्यतो तळहातांनीच ढकला, कारण लिव्हर लावली की ट्यूब चिमटली जाते. मग व्हॉल्व्ह आत ढकलून बाहेर ओढा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण चाकभर टायर अंगठ्याने दाबून बघा, ट्यूब कुठे दिसते का. अर्धी हवा भरून चाक फिरवा. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारख्याच उंचीवर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल किंवा वर आली असेल तर हवा सोडा आणि पुन्हा बसवा. सगळं ठीक असेल तरच पूर्ण दाब.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. लगेच तो टायर पुन्हा काढायचा. रेसमध्ये ज्या लिव्हर सोबत नेणार, त्याच वापरायच्या आणि घड्याळ लावून बघायचं. निघतच नसेल तर हे आत्ता कळलेलं बरं. वेगळ्या लिव्हर घ्या, वेगळा टायर घ्या, वेळ आहे.

मग एक लांब आणि एक-दोन छोट्या राइड, मिळून शंभर-दीडशे किलोमीटर. यात बसवण्याची चूक असेल तर बाहेर येते, कारखान्याचा दोष असेल तर तोही दिसतो आणि तुम्हाला टायरच्या पकडीचा अंदाज येतो.

दहा दिवस उरले असतील तरी चालतं, फक्त नवा प्रयोग नको. आधी वापरत होतात तोच टायर, तेच माप. एकच टायर घ्यायचा असेल तर नवा पुढे लावा आणि पुढचा मागे न्या, मागचा काढून टाका. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण झिजलेला तर मागचा असतो. पण मागचा टायर बसला तर सायकल डगमगते आणि बहुतेक वेळा सावरता येते. पुढचा उतारावर अचानक बसला तर हँडल हातात राहत नाही. चांगला टायर नेहमी पुढे.

तीन-चार दिवस उरले असतील आणि सध्याचा टायर ठीकठाक असेल, तर राहू द्या. नव्या टायरवर पंचवीस-तीस किलोमीटरची एक राइड करता येत असेल तरच विचार करावा. प्रवासाचाही हिशोब धरा. पुण्या-मुंबईहून, नाशिकहून गोव्याला सायकल गाडीवर, बसच्या पोटात किंवा विमानातून जाते. विमान कंपन्या टायरमधली हवा कमी करायला सांगतात. ती सोडल्यावर टायरची कड जागची हलू शकते, म्हणून पोहोचल्यावर पुन्हा चाकभर तपासणी हवीच. हवा झटपट भरणारी सीओटू काडतुसं अनेक विमान कंपन्या नेऊ देत नाहीत. ती तिथे मिळतील का हे आधी विचारून ठेवा, नाहीतर छोटा हातपंप बरोबर घ्या. आणि प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरची हवा थेट भरता येत नाही, त्यासाठी पन्नास-शंभर रुपयांचा पितळी ॲडॉप्टर लागतो. तो पिशवीत टाकून ठेवायला वजन नाही.

आदल्या दिवशी फुगवटा, उघडे धागे किंवा आरपार काप दिसला तर मात्र सगळे नियम बाजूला ठेवा आणि टायर बदला. माहीत नसलेला नवा टायर फुटू शकतो, फुगवटा आलेला जुना टायर फुटणारच आहे. बदलल्यावर रात्रभर पूर्ण दाबात ठेवा आणि शक्य असेल तर हॉटेलच्या आसपास अर्धा तास चालवा. काप छोटा असेल आणि टायर मिळतच नसेल, तर आतून मजबूत कागदाचं अस्तर लावून काम भागतं. जगभरचे सायकलस्वार यासाठी एनर्जी जेलचं रिकामं पाकीट वापरतात, घडी घातलेली नोटही चालते. दहा रुपयांच्या नोटेचा याहून चांगला उपयोग त्या दिवशी तरी दुसरा नसतो.

ट्यूबलेस असेल तर

इथे सबुरी जास्त हवी. ट्यूबलेसमध्ये टायर आणि रिम मिळूनच हवा धरून ठेवतात आणि आतलं सीलंट बारीक भोकं बुजवतं. नवीन टायर बसवल्यावर सुरुवातीचे दोन-तीन दिवस हवा थोडी थोडी उतरू शकते, सीलंट सगळीकडे पसरेपर्यंत. म्हणून शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नये. टायर बदलायचे नसतील तरी सीलंट तपासा. ते दोन ते सहा महिन्यांत सुकतं आणि आपल्या उन्हात लवकर सुकतं. सुकलेल्या सीलंटचा टायर म्हणजे पंक्चरला उघडं दार.

काही नव्या चाकांच्या रिमला आतून हुक नसतो, त्यांना हुकलेस म्हणतात. त्यावर फक्त कंपनीने मान्य केलेलेच टायर चालतात आणि दाबाची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७३ पीएसआय असते. जुन्या सवयीने १०० पीएसआय भरले तर टायर रिमवरून उडू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये बेल्जियमच्या थॉमस डी गेंटचा टायर अशाच हुकलेस रिमवरून सुटला आणि तो पडला. त्यानंतर सायकलिंगच्या जागतिक संघटनेने या प्रकाराच्या सुरक्षिततेवर चर्चा सुरू केली. आपली रिम कोणती आहे हे माहीत नसेल तर टायर विकत घेण्याआधी ते विचारावं.

नवा टायर म्हणजे पंक्चर नाही, असं नाही

२००८ च्या हवाईतल्या जागतिक स्पर्धेत गतविजेत्या ख्रिसी वेलिंग्टनला आघाडीवर असताना पंक्चर झालं. ट्यूब बदलली, पण सीओटूची काडतुसं वाया गेली आणि हवाच भरता येईना. मागून येणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रिबेका कीटने, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच, तिला स्वतःचं काडतूस दिलं. कित्येक मिनिटं गमावूनही वेलिंग्टन ती रेस जिंकली. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या जॉर्जिया टेलर-ब्राउनचा टायर सायकलच्या शेवटच्या टप्प्यात बसला, ती तशीच बसलेल्या टायरवर चालवत राहिली आणि धावताना भरपाई करून रौप्यपदक मिळवलं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंनाही पंक्चर चुकत नाही.

म्हणून सीटखालच्या पिशवीकडे टायरइतकंच लक्ष हवं. दोन वर्षं पिशवीत पडलेली ट्यूब अवजारांना घासून भोक पडलेली असू शकते, ती एकदा बाहेर काढून फुगवून बघा. खोल रिमच्या चाकांना लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते. मित्राकडून उधार आणलेल्या चाकांवर रेस करणारे इथे हमखास फसतात. ट्यूब असते, पण तिचा व्हॉल्व्ह रिमच्या बाहेरच येत नाही.

शेवटचे अठरा तास

बहुतेक मोठ्या रेसमध्ये सायकल आदल्या दुपारीच ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेण्याच्या जागेत, लावून ठेवावी लागते. तिथे सावली असतेच असं नाही. टायरमधली हवा तापली की दाब वाढतो. २५ अंशाला ९० पीएसआय भरलेला टायर उन्हात ५५ अंशांपर्यंत तापला तर दाब शंभरावर जातो. टायर नीट बसलेला नसेल, तर तो ट्रान्झिशनमध्ये उभ्या उभ्या फुटायला एवढं पुरतं. म्हणून सायकल लावताना दाब पंधरा-वीस पीएसआयने कमी ठेवावा आणि रेसच्या पहाटे पुन्हा भरावा. फ्लोअर पंप कुणाकडे तरी असतोच, पण त्याच्यापाशी रांग असते.

किती भरायचा? टायरवर लिहिलेला कमाल आकडा हे लक्ष्य नसतं. ७० किलोच्या स्वाराला २५ च्या टायरमध्ये ट्यूबसह अंदाजे ८५ ते ९०, २८ च्या टायरमध्ये ७० ते ७५ पीएसआय पुरतात, पुढे मागच्यापेक्षा चार-पाच कमी. रस्ता ओला किंवा खडबडीत असेल तर आणखी थोडे कमी. सरावाच्या शेवटच्या राइडला जो दाब बरा वाटला, तोच ठेवावा.

आणि काढलेले जुने टायर लगेच फेकू नका. त्यातला बरा असलेला एक घडी करून गोव्याच्या बॅगेत टाका. रविवारी पहाटे पणजीत रोड बाइकच्या मापाचा टायर शोधत फिरणं कठीण आहे. वापरावा लागला नाही, तर पुढच्या पावसाळ्यात होम ट्रेनरवर घासायला तो उत्तम.